लॅब्रेडॉर पुनर्वसन संस्था कशी चालते, पैसा कुठून येतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅब (लॅब्रेडॉर जातीचा कुत्रा) घ्यायचा आहे, लॅब सोडायचा आहे, देणगी द्यायची आहे किंवा स्वतःच अशी संस्था काढायची आहे, अशा चार प्रकारच्या लोकांसाठी हे पान आहे. एकाच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नात दडलेलं असतं, म्हणून सगळे एकत्र ठेवले आहेत. कायद्याच्या आणि कराच्या गोष्टी महाराष्ट्रात नोंदलेल्या संस्थेला धरून सांगितल्या आहेत. रुपयांचे आकडे नमुन्याचे आहेत. शहर आणि दवाखाना बदलला की तेही बदलतील.

फक्त लॅब्रेडॉरच का? रस्त्यावरची कुत्री दिसत नाहीत का?

दिसतात. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ आहेत, महापालिकेची यंत्रणा आहे, त्यात काम करणाऱ्या संस्था आहेत. घरात वाढलेला लॅब रस्त्यावर आला की त्याचं कोणीच नसतं. त्याला गाड्या चुकवता येत नाहीत, गल्लीतली कुत्री त्याला टिकू देत नाहीत आणि कोणी बिस्किट दाखवलं की तो मागे चालू लागतो.

एकाच जातीवर काम करण्याचा व्यावहारिक फायदाही मोठा आहे. दुखणी ठरलेली असतात: खुब्याचे सांधे, कोपराचे सांधे, कानाचा संसर्ग, लठ्ठपणा, म्हातारपणी घशाच्या पडद्याचा लकवा. स्वभावाचा अंदाज असतो. घर मागायला येणाऱ्यांना काय विचारायचं ते पाठ असतं. ब्रिटन-अमेरिकेत केनेल क्लबांच्या (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संघटनांच्या) आसऱ्याने जातवार संस्था अशाच वाढल्या. आपल्याकडे पाया वेगळा आहे. इथे मागे क्लब नसतो, मोजके स्वयंसेवक आणि एक उधारी देणारा डॉक्टर असतो.

केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे पेपर लागतात का? क्रॉस चालतो का?

पेपर लागत नाहीत. क्रॉस चालतो, पण जागा असेल तर.

हे लॅब येतात कुठून?

तीन वाटांनी. पहिली, मालक स्वतः सोडतो: बदली, परदेश, घटस्फोट, घरात बाळ, वडिलांचं आजारपण, नवीन भाड्याच्या घरात मनाई. यातली निम्मी कारणं खरी असतात. उरलेल्यांमागे एकच गोष्ट असते. आठ-दहा महिन्यांचा, तीस किलोच्या घरात गेलेला, फिरायला न नेलेला नर घर आवरू देत नाही. दुसरी वाट, टाकून दिलेला: महामार्गावरचा ढाबा, टेकडी, दुसऱ्या उपनगरातली बाग. तिसरी, ब्रीडरकडून निघालेल्या माद्या: वय झालेल्या, स्तनांत गाठी असलेल्या, गर्भाशयात पू झालेल्या.

टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आकडा १९६० सालचाच आहे, तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी थांबेल ही आशा ठेवू नये.

एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ 'हिंस्र' जातींवर बंदी आणण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. लॅब त्यात नव्हता आणि एप्रिलमध्ये कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्दही केलं. पण अशा प्रत्येक पत्रानंतर सोसायट्यांच्या बैठका तापतात आणि 'मोठं कुत्रं नको' या ठरावात लॅबही सापडतो. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. ती छापून सचिवांच्या हातात दिल्याने काही लॅब घरीच राहतात. हा संस्थेचा सगळ्यात स्वस्त उपाय.

फोन केल्यावर लगेच कुत्रा का नेत नाहीत?

कारण जागा मोजलेल्या असतात. हे नीट समजून घेतलं तर संस्थेचं अर्धं अर्थकारण समजतं.

समजा संस्थेकडे १२ जागा आहेत आणि एक कुत्रा सरासरी ४५ दिवस राहतो. १२ गुणिले ३६५ भागिले ४५, म्हणजे वर्षाला साधारण ९७ कुत्री मार्गी लागू शकतात. आता यातल्या ४ जागा म्हाताऱ्या किंवा आजारी, कोणीच न नेणाऱ्या लॅबनी धरल्या. उरल्या ८. हिशेब ६५ वर आला. चार कुत्र्यांना होय म्हटल्याने बत्तीस कुत्र्यांना नाही म्हटलं गेलं. ते चार घेऊच नयेत असं नाही, पण घेताना ही किंमत माहीत असावी. संस्था बुडतात त्या बहुतेक वेळा पैशाअभावी बुडत नाहीत. तेराव्या कुत्र्याला जागा नसताना होकार दिला, मग चौदाव्याला, मग बाथरूममध्ये एक, गच्चीवर दोन, आणि एका पार्वोने (कुत्र्यांमध्ये झपाट्याने पसरणाऱ्या विषाणूच्या आजाराने) सगळं संपलं, अशा बुडतात. पैसा त्यानंतर आटतो.

म्हणून मालक सोडत असेल तर आधी यादीत नाव, मग प्रश्नावली, फोटो, चालतानाचा व्हिडिओ, जुनी फाईल. तोवर कुत्रा मालकाकडेच राहतो आणि संस्था त्याची जाहिरात करते. तातडी फक्त तिघांना: रस्त्यावर असलेला, जखमी, किंवा ज्याचा मालक वारला आहे.

मालकाकडून कुत्रा घेताना काय लिहून घेतात?

समर्पण पत्र. कायद्याच्या नजरेत कुत्रा जंगम मालमत्ता आहे, त्यामुळे मालकी हस्तांतरित झाल्याचं स्पष्ट वाक्य हवं. ओळखपत्राची प्रत, दोन साक्षीदार, घरातल्या सगळ्या प्रौढांची संमती. शेवटचं विसरू नका. नवऱ्याने सोडलेला कुत्रा बायको महिन्याने मागायला येते, तोवर तो दुसऱ्या घरी रुळलेला असतो आणि भांडण पोलीस चौकीत जातं. चावल्याचा इतिहास वेगळ्या ओळीत विचारायचा: कोणाला, कधी, कशावरून, टाके पडले का. 'चावतो का?' असं विचारलं तर उत्तर नेहमी 'नाही' येतं.

रस्त्यावर सापडलेला लॅब मी सरळ ठेवून घेतला तर?

आधी शोध घ्या. तो हरवलेला असू शकतो, आणि दिवाळीत तर बहुतेक हरवलेलेच असतात. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. दवाखान्यात चिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची खूण) तपासून घ्या. चिप दोन खांद्यांच्या मध्ये बसवतात, पण ती सरकून कोपरापर्यंत येते, म्हणून स्कॅनर मानेपासून दोन्ही पायांवरून हळूहळू फिरवायला सांगा. चिपचा क्रमांक १५ अंकी असतो. नोंद कोणत्या कंपनीच्या यादीत आहे ते शोधावं लागतं आणि कित्येकदा मालकाने नोंदच केलेली नसते.

जाहिरातीत एक खूण लपवून ठेवा: पोटावरचा पांढरा ठिपका, कापलेलं नख, पट्ट्याचा रंग. मालक म्हणवणाऱ्याला तीच विचारायची. नसबंदी न झालेली तरुण मादी असेल तर दुप्पट काळजी, तिला 'आमचीच आहे' म्हणून न्यायला भलतेच लोक येतात. संस्था साधारण १० ते १४ दिवस वाट पाहून मगच नवीन घर शोधते.

ब्रीडरला पैसे देऊन मादी सोडवून आणता का?

नाही. दहा हजार देऊन एक मादी सोडवली की त्या दहा हजारांत तो दुसरी आणतो. फुकट देत असेल तर घेतो, आणि घेताना जागेचे, पाण्याच्या भांड्यांचे, पिंजऱ्यांचे फोटो मनात नाही, मोबाईलमध्ये ठेवतो. कुत्रा प्रजनन आणि विक्री नियम २०१७ प्रमाणे ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. १८ महिन्यांच्या आतल्या मादीला फळवता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा पिल्लं काढता येत नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. 'पंचेचाळीस दिवसांचं आहे, घेऊन जा' हे बाजारात सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणजे नियम मोडल्याची कबुलीच आहे.

कुत्रा आल्यावर पहिले पंधरा दिवस काय होतं?

तो वेगळा राहतो. १४ दिवस, दुसऱ्या कुत्र्याशी भेट नाही, भांडी वेगळी, त्याच्याकडे जायची चप्पल वेगळी. पार्वोची लक्षणं बहुधा आठवडाभरात दिसतात, डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूच्या आजाराला जास्त वेळ लागू शकतो. पिल्लू असेल तर मुदत वाढवा.

सफाईत एक चूक घरोघरी होते: फिनाइल. फिनाइलने वास जातो, पार्वो जात नाही. घरगुती ब्लीच वापरायचं, लिटरभर पाण्यात ३० मिली, आणि ते फरशीवर १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. त्याआधी शी आणि चिकटपणा साबणाने धुऊन काढायचा, कारण घाणीवर ब्लीच टाकलं तर ते घाणीतच संपतं. मातीत हा विषाणू वर्षभरही टिकतो, त्यामुळे अंगण धुऊन उपयोग नाही. पार्वोचा कुत्रा जिथे होता त्या मातीवर लस न झालेलं पिल्लू न नेणं हाच उपाय.

पहिल्याच दिवशी रक्त काढायचं. महाराष्ट्रात सापडलेल्या लॅबला गोचीड ताप नाही असं गृहीत धरू नये. एर्लिकिया (गोचीड तापाचा एक प्रकार) असेल तर डॉक्सीसायक्लिन हे औषध साधारण २८ दिवस चालतं. पाचव्या दिवशी ताप उतरतो, कुत्रा जेवू लागतो, फॉस्टर (कुत्र्याला तात्पुरतं आपल्या घरी सांभाळणारा) गोळ्या बंद करतो आणि महिन्याने प्लेटलेट पुन्हा कोसळतात. बबेसिया (गोचीड तापाचा दुसरा प्रकार) असेल तर नुसत्या डॉक्सीने भागत नाही, म्हणून अंदाजाने औषध नको. आणि प्लेटलेट न मोजता नसबंदीला टेबलावर घेतलेला कुत्रा रक्त न थांबल्याने दगावू शकतो. रक्ततपासणीचे हजार-बाराशे वाचवायचे नसतात ते यासाठी.

बाकी क्रम सरळ: जंताचं औषध, गोचीड-पिसवांचं औषध, रेबीज आणि एकत्रित लस, चिप, प्रकृती सुधारली की नसबंदी. लॅबचे सांधे वाढीच्या काळात असतील तर डॉक्टर नसबंदी बारा-अठरा महिन्यांपर्यंत पुढे ढकलतात. तेव्हा घर घेणाऱ्याकडून तारखेसह लेखी घ्यावं आणि ती तारीख संस्थेने आपल्या कॅलेंडरमध्ये लिहावी. घेणारा विसरतोच.

हाडांचा सापळा झालेला लॅब आला तर पोटभर खायला द्यायचं ना?

नाही. इथेच दयेने कुत्रे मरतात. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरतं, हृदय बंद पडू शकतं.

हिशेब असा करा. विश्रांतीतली गरज म्हणजे ७० गुणिले वजनाचा ०.७५ वा घात. साध्या कॅल्क्युलेटरवर वजनाचा घन करून दोनदा वर्गमूळ काढा. १८ किलोच्या लॅबचं उत्तर ८.७४, गुणिले ७०, म्हणजे सुमारे ६१० कॅलरी. पहिल्या दिवशी याचा तिसरा हिस्सा, साधारण २०० कॅलरी. सुक्या डॉग फूडचे हे ५५ ते ६० ग्रॅम, ओलं करून पाच-सहा वेळांत विभागून. मग चार-पाच दिवसांत हळूहळू पूर्ण ६१० वर. हे सगळं डॉक्टरच्या नजरेखाली. भात-चिकन दिलं तरी कॅलरी मोजूनच.

उलटंही होतं. धडधाकट लॅब ताटाकडे असा बघतो की फॉस्टरच्या घरातली आजी त्याला रोज दोन पोळ्या जास्त घालते. लॅबच्या भुकेला जनुकीय कारण आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे चौथा हिस्सा लॅबमध्ये 'पीओएमसी' जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यांना पोट भरल्याचं कळणं अवघड जातं. तेव्हा 'त्याचं पोट भरलंच नाही' हा पुरावा धरू नका. बरगड्यांना हात लावून बघा.

तुमचं शेल्टर कुठे आहे? बघायला येता येईल?

बहुतेक जातवार संस्थांचं शेल्टर नसतं. कुत्री फॉस्टर घरांत असतात, अडचणीला पैसे देऊन एखाद-दुसरी बोर्डिंगची जागा. शेल्टर म्हणजे जागेचं भाडं, मदतनीसांचे पगार, पाण्याचा टँकर, शेजाऱ्यांच्या तक्रारी. शिवाय घरात वाढलेला लॅब पिंजऱ्यात आठवड्यात खचतो आणि घर बघायला आलेल्यांसमोर त्याचा खरा स्वभाव दिसत नाही.

फॉस्टरला काय मिळतं? डॉग फूड, पट्टा, बिछाना, औषधं, आणि रात्री दोन वाजता उचलला जाणारा एक फोन नंबर. दवाखान्याचं बिल संस्था थेट दवाखान्याला देते. 'तुम्ही भरा, आम्ही नंतर देतो' ही पद्धत टाळावी. बिलं हरवतात, फॉस्टर मागायला संकोचतो, आणि एक चांगलं घर कायमचं तुटतं. सुट्टीच्या महिन्यांत फॉस्टर आटतात. मे महिना आणि गणपतीचे दिवस, म्हणजे सगळे कोकणात, त्यासाठी बोर्डिंगची तरतूद आधीच करावी लागते.

घर देताना इतकी चौकशी का? आम्ही काय मुलगी मागतोय?

चौकशी थोडी तशीच असते. बघितलं जातं ते असं: भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं पत्र. बाल्कनीच्या गजांमधली फट. लिफ्ट बंद पडली तर सातव्या मजल्यावरून तीस किलोचा म्हातारा लॅब कसा उतरणार. सकाळी सहाला कोण फिरवणार, त्या माणसाचं नाव. गुळगुळीत फरशी: खुब्याचा त्रास असलेला लॅब व्हिट्रिफाइड टाइल्सवर घसरत राहतो, तर झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट अंथरायची तयारी आहे का.

घरातल्या सगळ्यांशी बोलतो, मुलांशीही. नकार बहुतेकदा आईच्या चेहऱ्यावर दिसतो, कारण काम शेवटी तिच्यावर पडणार हे तिला ठाऊक असतं.

दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत संस्था घर देत नाही. नवीन घर, अनोळखी माणसं आणि फटाका, यात कुत्रा दार उघडं मिळताच पळतो आणि परतायचं घर त्याला अजून माहीत नसतं.

आमचं कर्जतला फार्महाऊस आहे, मोकळी जागा आहे. तिथे राखणीला द्याल का?

नाही. लॅब राखण करत नाही, चोराला आत घेऊन घर दाखवेल. फार्महाऊस म्हणजे सोमवार ते शुक्रवार माळ्याच्या भरवशावर साखळी. अवास्तव आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधून ठेवणं १९६० च्याच कायद्यात गुन्हा आहे. मोकळी जागा लॅबला लागत नाही, माणूस लागतो.

टाकून दिलेल्या कुत्र्याचे पैसे कसले घेता?

त्याला दत्तक-योगदान म्हणा. ते खर्चाच्या जवळपासही जात नाही. नमुना बघा. तीन वर्षांचा निरोगी नर, ४५ दिवस राहिला. रोज ३५० ग्रॅम डॉग फूड म्हणजे १६ किलो, किलोला २५० धरले तर ४,०००. लसी, जंत, गोचीड मिळून २,५००. रक्ततपासणी १,२००. नसबंदी ७,०००. चिप ८००. प्रवास १,०००. एकूण १६,५००. योगदान समजा ५,००० घेतलं, तर ११,५०० तूट. आणि हा स्वस्तातला कुत्रा. गर्भाशयात पू झालेली नऊ वर्षांची मादी आली, शस्त्रक्रियेला तीस-पस्तीस हजार गेले आणि सात महिने कोणी नेली नाही, तर तिच्या एकटीवर अशा चार-पाच कुत्र्यांची तूट खर्च होते.

योगदान घेण्याचं दुसरं कारण: फुकटात लॅब मागणाऱ्यांत पिल्लं काढायला नेणारे असतात. नसबंदी झालेला कुत्रा आणि पाच हजार म्हटलं की त्यांचे फोन आपोआप थांबतात.

मग तूट भरते कशी?

टिकाऊ उत्तर एकच: दरमहा ठरावीक रक्कम देणारे बरेच लोक. दोनशे माणसं महिन्याला ३०० रुपये देतात तेव्हा ६०,००० येतात, आणि मुख्य म्हणजे कधी येणार ते माहीत असतं. यूपीआयचं ऑटोपे लावून ठेवलं की आठवण करावी लागत नाही. वर्षातून एकदा कार्ड संपलेल्या, बँक बदललेल्या लोकांना फोन करावा लागतो. गळती तिथे होते, मन बदलल्याने कमी.

समाजमाध्यमांवरचं एका कुत्र्यासाठीचं आवाहन पटकन पैसा आणतं. मोडलेला पाय, डोळ्यांत पाणी, संध्याकाळपर्यंत चाळीस हजार. पण तो पैसा त्याच कुत्र्याचा असतो. शस्त्रक्रिया पंचवीस हजारांत झाली किंवा कुत्रा आदल्या रात्री गेला तर? म्हणून आवाहनातच एक ओळ हवी: 'शिल्लक राहिल्यास रक्कम संस्थेतील इतर लॅब्रेडॉरच्या उपचारांसाठी वापरली जाईल.' ही ओळ नसली की देणगीदार आणि लेखापरीक्षक दोघंही विचारतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. शिवाय दुखरे फोटो टाकून पोट भरण्याची सवय लागली की निरोगी कुत्र्याच्या डॉग फूडला कोणी पैसे देत नाही.

वस्तू येतात: जुन्या चादरी (हव्यात), उरलेल्या औषधांच्या अर्ध्या बाटल्या (नकोत), मुदत संपत आलेलं डॉग फूड (तारीख बघून).

बोर्डिंग चालवून, कॅलेंडर-मग विकून पैसा उभा करता येतो, पण मर्यादेत. प्राणी कल्याण सहसा आयकराच्या 'सार्वजनिक उपयुक्ततेच्या' वर्गात पडतं. तिथे धंद्यासारखं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेलं तर त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. कित्येक संस्थांना हे सीए नोटीस दाखवतो तेव्हा कळतं.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) किंवा सरकारी अनुदान?

कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची सातमध्ये प्राणी कल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा दार उघडं आहे. त्यासाठी संस्थेची आयकर नोंदणी आणि सीएसआर-१ नोंदणी लागते. कंपन्यांना मोजता येण्याजोगं काम हवं असतं: इतक्या नसबंद्या, एक रुग्णवाहिका. रोजच्या डॉग फूडला क्वचित मिळतं. जीवजंतू कल्याण मंडळ मान्यताप्राप्त संस्थांना अनुदान देतं, पण त्यावर महिन्याचं बजेट बांधू नये.

देणगीवर ८०जीची (आयकरात सवलत देणारी) पावती मिळेल का?

संस्थेकडे नोंदणी असेल तर. नवीन आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, बोलताना मात्र सगळे ८०जीच म्हणतात. सवलत देणगीच्या ५० टक्के रकमेवर मिळते आणि तिलाही उत्पन्नाच्या प्रमाणात वरची मर्यादा आहे. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. तुम्ही नवीन करप्रणाली निवडली असेल तर मुळीच नाही. डॉग फूडच्या गोण्या दिल्या तरी नाही, कारण वस्तूंना ही सवलत नसते. पॅन मागितला तर रागावू नका. देणगीदारांची यादी वर्ष संपल्यावर आयकर खात्याला द्यावी लागते आणि प्रमाणपत्र त्यावरूनच निघतं.

मुलगा अमेरिकेत आहे. तो डॉलर पाठवू शकतो?

पासपोर्ट कोणता ते आधी विचारा. भारतीय पासपोर्टवर असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय समजली जात नाही. तो परदेशी नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसलेल्या संस्थेला तिचा एक डॉलरही घेता येत नाही. ही नोंदणी मागायची तर सहसा तीन वर्षं काम आणि त्या काळात १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. लहान संस्थांनी या भानगडीत न पडणं बरं. बे एरियातल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर क्यूआर कोड टाकताना हा परिच्छेदही सोबत टाका.

नोंदणी कुठली करावी? ट्रस्ट, सोसायटी की कंपनी?

महाराष्ट्रात बहुतेक जण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदतात. सोसायटीला किमान सात सभासद लागतात आणि इथे तिची नोंद ट्रस्ट म्हणूनही होते. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची (ना-नफा) कंपनी शिस्तीची, पण दरवर्षीच्या कागदांना खर्च जास्त.

ट्रस्ट नोंदणं सोपं, चालवणं किचकट. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. तो न दिल्याने कागदावर जुनेच विश्वस्त राहतात, बँक सह्या बदलून देत नाही, आणि दोन गटांत फूट पडली की खातं गोठतं. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण अहवाल. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च, नाहीतर ती पुढे नेत असल्याचं रीतसर निवेदन. उद्दिष्टांत 'लॅब्रेडॉर' एवढंच लिहू नका, 'प्राण्यांचे कल्याण, विशेषतः...' असं लिहा. उद्या गोल्डन रिट्रीव्हर घ्यावा लागला तर घटना बदलत बसावं लागेल.

पैशाचे घोळ नेमके कुठे होतात?

संस्थापकाच्या खासगी फोनच्या यूपीआयवर. हेतू चांगला असतो: रात्री अकराला अपघात, ट्रस्टचं खातं दुसऱ्याच्या सहीवर, म्हणून 'माझ्या नंबरवर टाका'. वर्षाने त्या खात्यात पगार, किराणा, देणग्या सगळं मिसळलेलं असतं आणि प्रामाणिक माणसालाही हिशेब देता येत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: एकच खातं, दोन सह्या, तातडीसाठी २०,००० ची वेगळी मर्यादा, आणि प्रत्येक कुत्र्याला क्रमांक. बिलावर कुत्र्याचा क्रमांक नसेल तर ते चुकतं करायचं नाही.

दुसरा घोळ दवाखान्याच्या उधारीचा. डॉक्टर भला असतो, मागत नाही, बाकी तीन लाखांवर जाते. ती रक्कम संस्थेच्या ताळेबंदात देणी म्हणून दिसली पाहिजे. दिसत नसेल तर संस्था फायद्यात आहे असा सगळ्यांचा समज होतो.

कुत्रा स्वयंसेवकाला चावला तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, मग लगेच दवाखाना. हळद-चुना नाही. कुत्र्याला १० दिवस निरीक्षणाखाली ठेवायचं. हाताळणी करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. तशी घेतली असेल तर चावल्यावर दोनच डोस लागतात, त्याच दिवशी आणि तीन दिवसांनी. हा खर्च संस्थेने करावा.

दिलेला कुत्रा परत आला तर?

घेतो, कधीही, वर्षांनीसुद्धा. करारात तसं लिहिलेलं असतं की कुत्रा परस्पर तिसऱ्याला देता येणार नाही. चिपच्या नोंदीत संस्थेचा नंबर दुसरा संपर्क म्हणून ठेवला तरच या अटीला अर्थ राहतो. महापालिकेचा कुत्र्याचा परवानाही नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावा.

म्हाताऱ्या लॅबला कोणी नेतं का?

नेतात, आपल्या समजापेक्षा जास्त, पण औषधांच्या खर्चाला घाबरून थांबतात. अशांना कुत्रा कायमचा फॉस्टर म्हणून देऊन औषधं संस्थेने भरणं बोर्डिंगपेक्षा खूप स्वस्त पडतं. उन्हाळ्यात मात्र लक्ष ठेवा. भुंकणं घोगरं झालं असेल आणि श्वास घेताना आवाज येत असेल तर घशाचा पडदा नीट उघडत नाही. असा लॅब एप्रिलच्या दुपारी पाच मिनिटं चालला तरी उष्माघाताने कोसळू शकतो. फिरणं पहाटे, गळ्यात पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस.

आम्हाला आमचा लॅब सोडायचाच आहे. आज काय करू?

आज काहीच सोडू नका, फाईल गोळा करा. लसीकरणाचं पुस्तक, चिपचा क्रमांक, शेवटचं वजन, चालू औषधं, काय खातो आणि किती वाजता. उजेडातले चार फोटो, त्यातला एक बाजूने उभा असलेला, आणि दारावरची बेल वाजल्यावर तो काय करतो याचा व्हिडिओ. नसबंदी झाली नसेल तर ती तुम्हीच करून घ्या. यादीत नाव वर सरकतं. किमान तीन-चार आठवडे हातात ठेवून फोन करा, विमानाच्या आदल्या दिवशी नाही. आणि न्यायला येतील तेव्हा तो झोपतो ती चादर न धुता सोबत द्या.